आफ्रिकेच्या वाटेवरची पायपेटी

शुक्रवारी संध्याकाळी संस्थेकडून ईमेल आली. उद्या सकाळी कापेलच्या गोदामापाशी या, मास्ट्रिख्टला जायचं आहे, आणि प्रवासात तुमच्याबरोबर जोक असेल, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी ती बायकोला दाखवली.

मृणाल म्हणाली, "हे लोक सगळ्याची आगाऊ वेळ ठरवतात. विनोदाचीही ठरवली असेल."

सकाळी झूटरमेरहून निघालो, खाउडाला गाडी बदलली आणि कापेलला उतरलो. (खाउडा म्हणजे चीजमुळे आपल्याकडे 'गौडा' म्हणून ठाऊक असलेलं गाव. इथे 'ग' घशातून खरवडून काढतात.) गोदामाच्या दारात एक उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "मी योके." इंग्रजी 'जोक'सारखं लिहायचं आणि योके म्हणायचं. मला हसू आलं, ते मी सर्दी असल्यासारखं रुमालात दाबलं.

मी या संस्थेत कसा आलो ते आधी सांगतो. मृणालला हेगमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, म्हणून मी पुण्यातली शाळेची नोकरी सोडून तिच्यामागे आलो. तिथे मी भूगोल शिकवायचो. इथे मी 'अवलंबित जोडीदार' झालो. हा शब्द माझा नाही, व्हिसाचा आहे. पहिल्या हिवाळ्यात मी डाळींचे डबे इतक्या वेळा पुसले की त्यांवरची नावं गेली आणि एकदा तुरीच्या जागी हरभऱ्याच्या डाळीची आमटी झाली. त्यानंतर मृणालनेच वाचनालयातल्या फलकावरची जाहिरात मला दाखवली. मलावीतल्या एका अनाथाश्रमाला आणि आसपासच्या खेड्यांना मदत करणारी एक छोटी 'स्तिख्तिंग' (सेवाभावी संस्था) होती आणि तिला स्वयंसेवक हवे होते.

तेव्हापासून दर बुधवारी मी गोदामात कपडे निवडायला जाऊ लागलो. हृषीकेश हे नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं 'रिक' झालं. लोक मनापासून देत, पण काय देतील याचा नेम नसे. एका पिशवीतून पाणबुड्याचा रबरी पोशाख निघाला, दुसरीतून बर्फावरून घसरायचे बूट. बाकीचे स्वयंसेवक सत्तरीच्या आसपासचे होते, त्यामुळे माझ्या बेचाळिसाव्या वर्षाला तिथे तारुण्य म्हणत. मास्ट्रिख्टला मला नेत होते ते याच तारुण्यासाठी. ओझी उचलायची होती.

काम असं होतं. मास्ट्रिख्टच्या पलीकडे एका खेड्यात जोगिणींचा, म्हणजे नन मंडळींचा, एक मठ बंद होत होता. तिथल्या मुलींच्या शाळेतली पायाने चालवायची शिलाई मशिनं संस्थेला मिळणार होती. मलावीतल्या त्या खेड्यात विजेचा भरवसा नाही, म्हणून पायाचीच मशिनं हवी होती. आश्रमातल्या मोठ्या मुली त्यांवर शिवण शिकणार होत्या. सोमवारी कंटेनर भरून बंदरावर जायचा होता. तो चुकला तर पुढचा एकदम वर्षाने.

गाडी चालवायला विम होते. आयुष्यभर बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, बोलायला काटकसरी. आणि मागच्या बाकावर, योकेचा लांब बाह्यांचा कोट घालून, बसल्या होत्या अमाई चिफुंडो. मलावीतल्या चिचेवा भाषेत 'अमाई' म्हणजे आई, आणि मान द्यायचा झाला तर कोणत्याही बाईला अमाईच म्हणतात. आश्रम त्याच चालवत होत्या. देणगीदारांना भेटायला त्या दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि कोणी बोलू लागलं की मान किंचित तिरकी करून ऐकणाऱ्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो. मलावीची बाई प्रत्यक्ष भेटलेली, आणि मी आफ्रिका खंड वर्षानुवर्षं शिकवलेला. मी सुरू झालो. खचदरी कशी तयार झाली, मलावी सरोवर कोणत्या दिशेला पसरलंय, त्यात माशांच्या किती जाती आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही कधी आला होता आमच्याकडे?"

"आलो नाही. शिकवलंय."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी त्या तळ्याचा एकच काठ पाहिलाय. तिथे माझी मावशी राहते."

यानंतर उट्रेख्टचा फाटा जाईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर पाहण्यासारखं होतं. मे महिना होता. सपाट हिरवी कुरणं, मधूनमधून सरळ रेषेत कालवे, आणि कालव्याच्या पाण्यावर ढग उलटे झालेले. गायी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या, जणू त्यांचीही वेळ ठरलेली असावी. गाडीतला हीटर मात्र बंद होत नव्हता. "तो हिवाळ्यापासून असाच आहे," विम म्हणाले आणि भरपाई म्हणून त्यांनी एक पुडी मागे सरकवली. त्यात 'ड्रॉप' होते, काळ्या चकचकीत गोळ्या. मला वाटलं, आवळासुपारीसारखं काही असेल. मी दोन एकदम तोंडात टाकल्या. नवसागर आणि मीठ एकत्र चघळल्याची चव आली. थुंकायला जागा नव्हती. अमाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुडी न उघडताच आदराने पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मी मुलांसाठी नेते." नंतर मला हळूच सांगितलं, "मागच्या आठवड्यातल्याही पर्समध्ये तशाच आहेत. मुलांनी माझं काही वाईट केलेलं नाही."

आइंडहोवेनच्या पुढे एका थांब्यावर जेवण झालं. योकेने डबा उघडला. पावाचे तुकडे, चीज, 'हाखेलस्लाख' (पावावर भुरभुरायची चॉकलेटची बारीक शेव) आणि 'कार्नेमेल्क'. हे ताकच, पण मीठ नाही, जिरं नाही, कोथिंबीर नाही. मी मृणालने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. विमनी दशमीवर चॉकलेटची शेव पसरून गुंडाळी केली आणि खाल्ली. "छान आहे, पण कोरडं," असा अभिप्राय दिला. अमाईंनी चटणी तळहातावर घेतली, चाटली आणि डोळे मिटले.

"आम्हीही शेंगदाणे कुटून भाजीत घालतो," त्या म्हणाल्या. मग योके कचरा टाकायला गेल्याचं पाहून त्यांनी मला विचारलं, "एक विचारू का? या देशात दुपारी चूल पेटत नाही का?"

"माझ्या घरी पेटते," मी म्हणालो. "बाकी कुठे मी पाहिली नाही."

"दोन आठवडे मी गार जेवतेय. माणसं इतकी प्रेमळ आहेत, मला वाटलं एखाद्या दिवशी तरी पाव भाजतील."

त्यानंतर आमची मैत्री झाली.

लिंबर्ख प्रांत लागला तशी जमीन थोडी हलली. शेतं एका बाजूला कलली, रस्ता वळला, आणि विमनी गाडीचा गिअर बदलला. दिवसभरात ते पहिल्यांदाच आपणहून बोलले. "पाहा. डोंगर."

समोर एक गवताळ उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर गायी चरत होत्या. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला मी त्याला फार तर टेकाड म्हणालो असतो. अमाईंचं गाव तर मलावीच्या उंच पठारावर, जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, जिथे पहाटे दव गोठतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पंचाईत झाली असती.

"फार सुंदर आहे," अमाई म्हणाल्या.

"उंच आहे," मी म्हणालो. विमना बरं वाटलं.

मठ पिवळ्या दगडाचा होता, पुढे सफरचंदाची झाडं फुललेली. आता तिथे हॉटेल होणार होतं. बाकीच्या जोगिणी वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या, आणि शेवटची आवराआवर करायला एकट्या सिस्टर लिडविना मागे राहिल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, काठीला टेकून चालणाऱ्या, पण आवाज असा की शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

आधी कॉफी झाली आणि 'फ्लाय' झाला. हा लिंबर्खचा खास पदार्थ, पसरट पोळीसारख्या कवचात चेरीचा मुरंबा भरलेला. मग त्यांनी शिवणाची खोली उघडून दाखवली. काळी मशिनं ओळीने उभी होती, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पट्टे नुकतेच तेल दिल्यासारखे. अमाईंनी एका मशिनचं चाक हाताने फिरवलं. सुई आवाज न करता खालीवर झाली. त्या नुसता हात मशिनवर ठेवून उभ्या राहिल्या.

सिस्टरनी खोलीला पुन्हा कुलूप लावलं. "सगळी तुमची. एक अट आहे. पेटीही न्यायची."

पेटी प्रार्थनागृहात होती. मी आत जाऊन पाहिली आणि मला पुण्यातल्या जुन्या नाट्यगृहाच्या अडगळीत पाहिलेली पायपेटी आठवली. तीच जात, पण ही तिची थोरली बहीण होती. गडद लाकूड, वर नक्षीची फळी, खाली भाता भरायचे दोन रुंद पायटे. कपाटाएवढी.

विमनी खिशातून टेप काढून ती मोजली आणि मान हलवली. योकेने डच पद्धतीने लगेच निकाल दिला. "सिस्टर, आम्ही ही नेणार नाही. जागा नाही आणि तिथे तिचा उपयोग नाही."

सिस्टरनी किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून काढला आणि झग्याच्या आतल्या खिशात टाकला. "आणखी फ्लाय घ्या," त्या म्हणाल्या.

आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. आपल्याकडे अशा वेळी 'बघू या हं' म्हणून विषय खुंटीला टांगतात आणि सगळ्यांची अब्रू राहते. मी तेच इंग्रजीत केलं. "आपण बघू, सिस्टर."

"काय बघणार?" त्यांनी विचारलं.

'बघू'च्या पुढे काय असतं हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी फ्लाय घेतला.

मग सिस्टर स्वतःच सांगू लागल्या. मठात आल्या तेव्हा त्या विशीच्या होत्या. त्या वर्षांत इथून जोगिणी आफ्रिकेत जायच्या, दवाखाने आणि शाळा चालवायला. लिडविनांनीही नाव दिलं होतं. टोचून घेतलं होतं, पेटारा भरला होता, आईवडिलांचा निरोप घेतला होता. आयत्या वेळी मोठ्या सिस्टरनी बोलावून सांगितलं की तू थांब. मठात पेटी वाजवणारं दुसरं कोणी नाही.

"म्हणून मी राहिले," त्या म्हणाल्या. "माझी मैत्रीण गेली. तिची पत्रं यायची. मी रोज सकाळी पाच भजनं वाजवली आणि दुपारी मुलींना काजं शिवायला शिकवलं. मला तक्रार नाही. पण मी नाही गेले, तर निदान ही जावी."

योकेने आपल्या बशीकडे पाहिलं. विमनी खिशात टेप होती तिथे हात ठेवला, जणू ते मोजल्याबद्दल माफी मागत होते. मला वाटलं, संपलं. आता मशिनं टाकून पेटी न्यावी लागेल, किंवा पेटी टाकून मशिनंही जातील.

तेव्हा अमाई बोलल्या. त्यांनी खुर्ची सिस्टरच्या जवळ ओढली.

"आमच्या शेजारच्या गावात चर्चमध्ये अशीच पेटी होती," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना एक गोऱ्या सिस्टर ती वाजवायच्या. एका पावसाळ्यानंतर त्या बसल्या, पायटा दाबला, आणि पाय आत गेला. आतून सगळी वाळवीने खाल्ली होती. बाहेरून रंग शाबूत. त्या सिस्टर रडल्या. मी पाहिलंय."

लिडविनांनी प्रार्थनागृहाच्या दाराकडे पाहिलं.

"तुमची पेटी मी नेली तर तिचंही तेच होईल. मग दर नाताळला तुम्ही पत्रात विचाराल, पेटी कशी आहे? आणि मला लिहावं लागेल, छान आहे, मुलं रोज वाजवतात. मला खोटं लिहिता येतं, सिस्टर. देणगीदारांना मी कधी कधी लिहिते." इथे योकेने मान वर केली. "पण तुम्हाला लिहायची इच्छा नाही."

मग सिस्टरनी विचारलं, "मग तिथे आता भजनाला काय वाजवतात?"

"काही नाही. आम्ही गातो."

"साथीशिवाय?"

"पेटी गेल्यावर चौघाचौघांत वेगवेगळे सूर वाटून धरायला शिकलो. पेटी असती तर शिकलो नसतो."

सिस्टर काठीवर भार देऊन उठल्या. "ऐकवा."

आम्ही सगळे प्रार्थनागृहात गेलो. सिस्टर पेटीच्या स्टुलावर बसल्या, पण त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. पायटे दाबता येत नाहीत म्हणून पेटी बरेच महिने मुकी होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. योकेची कंबर, विमचा खांदा, अमाई पाहुण्या. नजर माझ्यावर थांबली. तारुण्याचा हा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

मी फरशीवर गुडघे टेकले, डोकं पेटीखाली घातलं आणि दोन हातांनी पायटे आळीपाळीने दाबू लागलो. आत कित्येक वर्षांची धूळ होती. भाता कण्हला, मग त्याने श्वास घेतला आणि माझ्या डोक्यावर सूर उमटला, जाड, किंचित घोगरा. सिस्टरनी एक चाल धरली. अमाईंना ती ठाऊक होती. त्या चिचेवात गाऊ लागल्या. योकेही डचमध्ये पुटपुटू लागली, जरी गाडीत तिने मला सांगितलं होतं की चर्चशी तिचा काही संबंध उरलेला नाही. मला दिसत होते फक्त सिस्टरचे काळे बूट. ते बूट जमिनीपासून जरा वर, हवेत, पायटा दाबल्यासारखे हलत होते.

"वारा!" वरून आज्ञा आली. मी दमलो की चालही दमत होती. दुसऱ्या कडव्याला मला शिंक आली आणि एक अख्खी ओळ लांबली. अमाईंनी न डगमगता तो सूर तेवढाच लांब धरला. मग एकदम गाणं थांबलं, कारण अमाई हसत होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सिस्टर हसत होत्या, डोळे पुसत. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या केसांत कोळिष्टकं होती.

"हा घेऊन जाईल," सिस्टर माझ्याकडे काठी करून म्हणाल्या.

"मी?"

"तुला वाजवता येते?"

शाळेत संगीताच्या बाई रजेवर असल्या की प्रार्थनेला हातपेटी मीच वाजवायचो. तेवढं मी कबूल केलं.

"मंगळवारी कचऱ्याची गाडी येणार आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी वाळवी आहे?"

"नाही."

"बायको?"

"आहे."

"तिला विचारायला हवं?"

इथे खरं उत्तर 'हो' होतं. पण वाकून वाकून माझी मान आखडली होती, आणि त्या बाईंनी आयुष्य पेटीसोबत काढलं होतं. "तिला आवडेल," मी म्हणालो. सिस्टरनी झग्यातून जुडगा काढला आणि शिवणाच्या खोलीची किल्ली अमाईंच्या हातात दिली.

मशिनं आणि पेटी गाडीत चढवायला गावातले दोन शेतकरी मदतीला आले. मागचा बाक दुमडून जागा करावी लागली, म्हणजे दोघांना ट्रेनने परतावं लागणार होतं. पेटी वाटेत झूटरमेरला उतरवून देतो, असं विम म्हणाले. मी आणि अमाई मागे राहिलो. शेतकऱ्यांपैकी एकाने आम्हाला मास्ट्रिख्ट स्टेशनवर सोडलं. तिथून मी मृणालला निरोप पाठवला: 'येताना एक वाद्य आणतोय. लहानसं.'

तिचं उत्तर आलं: 'अय्या, मलावीचा ढोल?'

मी लिहिलं: 'साधारण.'

ट्रेनमध्ये अमाईंनी बूट काढून पाय समोरच्या सीटखाली ताणले. सिस्टरनी बांधून दिलेला फ्लाय मांडीवर होता. उन्हं तिरपी झाली होती आणि मासच्या (मास्ट्रिख्टच्या नदीच्या) काठची गावं एकेक करून मागे जात होती.

"तुम्ही इथे का शिकवत नाही?" त्यांनी विचारलं.

"डच येत नाही. म्हणजे येतं, पण वर्गात उभं राहण्याएवढं नाही. दुकानात मी बोट दाखवतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते. शेजारी भेटले की मी हवामानावर एक वाक्य बोलतो. ते माझं पाठ आहे."

त्यांनी फ्लायची पुडी सोडायला घेतली. "आश्रमात नवीन मूल येतं ना," मग त्या म्हणाल्या, "ते बरेचदा बोलत नाही. काही आठवडे, कधी महिनेही. सुरुवातीला आम्ही खूप बोलायचो त्यांच्याशी. आता नाही बोलत. काम देतो. कोंबड्यांना दाणे टाक, पाणी भर, धाकट्याला धर. बोलणं आपलं मागून येतं."

मला सांगतायत की त्यांच्या कामाबद्दल बोलतायत, ते कळलं नाही. विचारलंही नाही. त्या फ्लायचा मोठा तुकडा मोडून मला देत होत्या आणि मी तो घेतला. कापेलला जायला त्यांना योकेने लिहून दिलेली गाडी पकडायची होती. उट्रेख्टला त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "झिकोमो," त्या म्हणाल्या. (म्हणजे धन्यवाद.) मी म्हणालो, "अमाई, जेवायला यायला हवं होतं तुम्ही. गरम जेवायला." त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी आधी तुमच्याकडे येईन. दुपारी."

झूटरमेरला आमच्या इमारतीखाली पोचलो तेव्हा अजून लख्ख उजेड होता. दारासमोर गर्दी होती. मधोमध पेटी, तिच्या एका बाजूला विम, दुसऱ्या बाजूला योके, आणि समोर हाताची घडी घालून मृणाल. तळमजल्यावरचे शेजारी, ज्यांना मी हवामानाचं वाक्य ऐकवायचो, ते घरातल्या चपलांवर बाहेर आले होते आणि लिफ्टच्या दाराची रुंदी वितीने मोजत होते.

मृणाल एवढंच म्हणाली, "ढोल?"

मी सगळं सांगायला सुरुवात केली. मठ, वाळवी, मैत्रिणीची पत्रं. वाळवीपर्यंत तिने ऐकलं. नंतर तिच्यातली प्रोजेक्ट मॅनेजर जागी झाली. नक्षीची फळी उतरवायची, पेटी उभी करायची, लिफ्टमध्ये एकानेच जायचं. तो एक मी. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये चेपून मी चौथ्या मजल्यावर गेलो. शेजारी जिन्याने धापा टाकत वर आले आणि डचमध्ये काहीतरी म्हणाले. मला सगळं कळलं नाही, पण ते हवामानाबद्दल नव्हतं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हणालो, "आत या. कॉफी." ते आले. विम आणि योकेही आले. मृणालने साधं वरण, भात आणि बटाट्याची भाजी वाढली. विमनी वरणभात दोनदा घेतला आणि चॉकलेटची शेव मागितली नाही.

पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली तेव्हा सोफ्याला दुसरी जागा शोधावी लागली. मृणाल दोन दिवस तिच्याकडे पाहून सुस्कारे टाकत होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग चालू असताना मी तिला पायाने नकळत पायटा दाबताना पाहिलं. कॅमेरा बंद होता.

मुलगी, ईरा, हिला सा रे ग म मध्ये काडीचा रस नाही. पण सिस्टर लिडविना दर रविवारी वृद्धाश्रमातून फोन करतात आणि तिच्याशी बोलतात. कोणती पट्टी अडकते, भात्याची शीळ गेली का, पावसात सूर उतरतो का. ईरा एकेक सूर वाजवून फोन पेटीला लावते, आणि दोघी त्यावर तासभर घालवतात. परवा तिच्या शाळेतल्या बाईंनी मला थांबवून विचारलं की तुमची मुलगी लिंबर्खच्या खेडवळ बोलीत का बोलते, तुमचे कोणी नातेवाईक आहेत का तिकडे? मी विचार केला आणि 'हो' म्हणालो. हे संभाषण डचमध्येच झालं, आणि बऱ्यापैकी झालं.

पुण्याहून फोन आला की लोक विचारतात, आफ्रिकेच्या अनाथ मुलांसाठी काम करतोस म्हणे, काय करतोस? मी म्हणतो, कपडे निवडतो आणि एकदा मशिनं उचलली. हे सांगताना थोडी लाज वाटते, कारण खरा हिशेब उलटाच आहे. त्या शनिवारी आम्ही चौघं द्यायला निघालो होतो, आणि घरी काहीतरी घेऊन आलेला मी एकटाच होतो.

मशिनं तिथल्या पावसाळ्याआधी, ऑक्टोबरात पोचली. अमाईंनी फोटो पाठवला. लांब पडवी, ओळीने काळी मशिनं, प्रत्येकावर एक मुलगी, आणि कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही, सगळ्या सुईकडे बघतायत. पाठोपाठ त्यांचा आवाजातला निरोप आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. पहिल्या शिवलेल्या उशीच्या खोळी त्यांनी सिस्टरना पाठवल्या होत्या. एकीच्या शिवणीत नागमोडी चूक होती, ती मुद्दाम उसवली नव्हती. "सिस्टरना सुधारायला काहीतरी हवं," असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "आणि तुम्ही घरी नेलेलं ते अनाथ पोर कसं आहे?"

मी पेटीपाशी बसलो, फोन जवळ धरला आणि उत्तर पाठवलं.

"बरं आहे, अमाई. आवाज अजून घोगरा आहे. पण आता बोलायला लागलंय."